कृपादान आणि भाषा : पंडिता रमाबाईंच्या केडगावपर्वाचे एक समीक्षण

प्रस्तावना

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनकार्याचा विचार मराठीत प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. समाजसुधारणेच्या अभ्यासकांना ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२), ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) आणि १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन महत्त्वाचे वाटते. केडगावच्या उत्तरायुष्याकडे मात्र एका तेजस्वी विदुषीने भक्तिमार्गात घेतलेली माघार म्हणून पाहण्याकडे त्यांचा कल असतो. याउलट ख्रिस्ती चरित्रकारांना केडगावचे मुक्ती मिशन आणि तेथील १९०५ चे संजीवन, म्हणजेच आत्मिक जागृती, यांतच या जीवनाची परिपूर्ती दिसते. त्यांच्या मांडणीत संस्कृतज्ञ रमाबाई केवळ पूर्वपीठिकेपुरत्या उरतात. परिणामी एकाच व्यक्तीची दोन चरित्रे तयार झाली असून त्यांचा परस्परांशी फारसा संवाद नाही.

ही फाळणी दूर करण्यासाठी नव्या करारातील ‘कृपादान’ ही संकल्पना उपयोगी पडू शकते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. केडगावच्या संजीवनात ‘अन्य भाषा बोलण्या’च्या दानाची चर्चा झाली. त्याच काळात रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामातही गुंतलेल्या होत्या. या दोन घटना एकमेकींपासून अलग ठेवल्या तर दोन्हींचे आकलन अपुरे राहते.

कृपादान : संकल्पना आणि निकष

कृपादानांची सर्वांत विस्तृत चर्चा पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या ते चौदाव्या अध्यायांत आढळते. हे पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिले गेले. करिंथच्या मंडळीत काही जण आत्म्याच्या प्रेरणेने अनाकलनीय भाषेत बोलत आणि त्यामुळे त्यांना विशेष प्रतिष्ठा लाभत असे. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे पौलाच्या शब्दनिवडीचे मर्म कळते. चर्चेच्या आरंभी तो ‘प्न्युमातिका’, म्हणजे आत्मिक गोष्टी, असा शब्द वापरतो. परंतु लगेच ‘खारिस्माता’ या शब्दाकडे वळतो. त्याच्या मुळाशी ‘खारिस’ म्हणजे कृपा हा शब्द आहे. जे आत्मिक सामर्थ्य म्हणून मिरवले जात होते ते पौल कृपेच्या खात्यात जमा करतो. मराठी बायबलमधील ‘कृपादान’ हा जोडशब्द हा अर्थ नेमका पकडतो.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रांतील ‘करिश्मा’ हा शब्द फारसीतून आलेला असून ग्रीक ‘खारिस्मा’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. समाजशास्त्रात माक्स वेबर यांनी रूढ केलेली ‘कॅरिस्मा’ ही संज्ञा मात्र थेट ख्रिस्ती परंपरेतून, रुडोल्फ झोम यांच्या लेखनामार्गे, आलेली आहे. परंतु वेबर यांच्या विवेचनात हा गुण असामान्य नेत्याला अनुयायांपासून वेगळा काढतो, तर पौलाच्या विवेचनात प्रत्येकाला काहीतरी दिलेले आहे आणि ते इतरांसाठी दिलेले आहे.

नव्या करारातील कृपादानांच्या याद्या एकसारख्या नाहीत. करिंथकरांस पत्रात रोग बरे करणे व अद्‌भुत कृत्ये यांच्याबरोबर ज्ञानाचे वचन येते. त्याच अध्यायाच्या अखेरीस साहाय्य करणे आणि कारभार पाहणे यांचाही समावेश होतो. रोमकरांस पत्रात सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म आणि दया यांची गणना आहे. याद्यांतील हा फरक पाहता त्या परिपूर्ण सूची म्हणून लिहिलेल्या नसाव्यात, असे म्हणता येईल. अद्‌भुत आणि दैनंदिन यांत पौल भिंत उभारीत नाही. तो निकष मात्र ठरवून देतो. दान सर्वांच्या हितासाठी असावे, त्याने मंडळीची उभारणी व्हावी, ते ऐकणाऱ्यास समजावे आणि इतरांनी त्याची पारख करावी. समजेल अशा पाच शब्दांना तो न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा अधिक मोल देतो. या चर्चेच्या मध्यभागी प्रीतीवरचा तेरावा अध्याय येतो, हेही सूचक आहे.

केडगाव : १९०५ ते १९०७

मुक्ती मिशनमध्ये १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांतून वाचलेल्या मुली व स्त्रिया मोठ्या संख्येने राहत होत्या. वेल्समधील जागृतीच्या वार्ता येत असताना १९०५ च्या आरंभी रमाबाईंनी तेथे नित्य प्रार्थनेचा एक गट सुरू केला. जूनच्या अखेरीस संजीवनास प्रारंभ झाला. रडून पापांगीकार करणे, सर्वांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे, अंगात अग्नी संचारल्याची जाणीव होणे अशा अनुभवांच्या नोंदी उपलब्ध आहेत. मुक्तीतील सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये ‘द बॅप्टिझम ऑफ द होली घोस्ट अँड फायर’ ही पुस्तिका लिहिली. ती चिलीमधील व्हालपारायसो येथे एब्रम्स यांच्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि १९०९ च्या सुमारास तेथे उदयास आलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीस ती प्रेरक ठरली. जागतिक ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात पुणे जिल्ह्यातील एका गावास मिळालेले हे स्थान मराठी अभ्यासकांकडून बहुधा दुर्लक्षित राहिले आहे.

या अनुभवांवर टीकाही झाली. आरडाओरडा आणि देहाचे हेलकावे अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना अशोभनीय वाटले. रमाबाईंनी १९०७ मध्ये ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रातून त्यांना उत्तर दिले. भारतीय ख्रिस्ती जनांनी पाश्चात्त्य शिष्टाचाराच्या चौकटीतच प्रार्थना का करावी, असा त्यांचा रोख होता. त्याच वेळी त्यांनी दुसऱ्या टोकासही नकार दिला. अमेरिकेत चार्ल्स पारहॅम यांच्या १९०१ पासूनच्या शिकवणुकीतून एक सिद्धांत पुढे आला होता. अन्य भाषा बोलणे हीच आत्म्याच्या बाप्तिस्म्याची प्रारंभिक खूण होय, असे तो सांगत असे. रमाबाईंनी या दानाचा स्वीकार केला, परंतु ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे किंवा तीच एकमेव खूण होय, हे मान्य केले नाही. प्रीती व सेवा यांना त्यांनी अधिक निर्णायक मानले. त्यांची ही भूमिका पौलाच्या निकषांशी सुसंगत आहे.

भाषेच्या दानाचे दोन अर्थ

त्या काळी अन्य भाषांच्या दानाविषयी एक व्यावहारिक अपेक्षाही प्रचलित होती. आत्मा प्रचारकाला परदेशी भाषा आयती देतो व ती शिकण्याचे कष्ट वाचवतो, असे पारहॅम आणि त्यांचे काही अनुयायी मानीत. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील जागृतीतून बाहेर पडलेले आल्फ्रेड गार हे आपणास बंगाली भाषा मिळाली आहे, या विश्वासाने कलकत्त्यास आले. प्रत्यक्षात ती समजूत खरी ठरली नाही. केडगावच्या संदर्भात दौंड येथील मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी वेगळ्या प्रकारची नोंद केली आहे. इंग्रजी न येणारी स्त्री इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असे ते सांगतात. या साक्षीच्या सत्यासत्यतेचा निर्णय करणे हे समीक्षेचे काम नव्हे. तथापि तिची रचना पाहण्याजोगी आहे. प्रार्थना करणारी स्त्री मराठी मुलखातली, साक्षीदार इंग्रजीभाषक आणि दानाचे प्रमाण म्हणजे त्या साक्षीदाराला झालेला बोध. बोलणारीला आणि तिच्या शेजारणीला काय कळले, हा प्रश्न या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतो.

रमाबाईंचे बायबल-भाषांतर नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आणते. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या मिशनने १८११ मध्ये आणि मुंबईतील अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये नवा करार छापला होता, आणि पुढे त्यांची संस्करणेही झाली. परंतु प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रियांना दुर्बोध वाटते आणि तिच्यातील काही शब्द हिंदू धर्मकल्पनांचे संस्कार सोबत आणतात, असा रमाबाईंचा आक्षेप होता. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सुमारे दीड तप हे काम नेटाने केले. छपाई मुक्तीतच, तेथील स्त्रियांच्या हातून झाली. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले.

या कामाची मुळे त्यांच्या बालपणात शोधावी लागतात. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे वाचीत फिरत असे. ज्या संस्कृत पाठाचे श्रवण अर्थ कळो वा न कळो पुण्यप्रद मानले जाते, त्याच्या वातावरणात रमाबाई वाढल्या. त्या पुराणिक जीवनाचे चित्र त्यांनी ‘अ टेस्टिमनी’ (१९०७) मध्ये रेखाटले आहे. याच विद्वत्तेबद्दल कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. म्हणजे न समजणाऱ्या पवित्र वाणीचे सामर्थ्य त्यांनी आयुष्यात दोनदा अनुभवले होते : एकदा पुराणश्रवणाच्या मंडपात आणि पुन्हा केडगावच्या प्रार्थनागृहात. दुसऱ्या खेपेस त्यांनी त्या वाणीस अडवले नाही, पण स्वतःचे श्रम मात्र समजणाऱ्या भाषेच्या बाजूला ठेवले. संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर मराठीचा त्याग करावा, ही शैलीच्या आवडीपुरती बाब नाही. ज्या विद्येने प्रतिष्ठा दिली तिचेच अंतर कमी करण्याचा तो निर्णय होता.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला सामाजिक स्वरूपाचा आहे. भाषाप्रभुत्वाला कृपादान म्हटले की त्यामागील जातिविशेष आणि दीर्घ श्रम दृष्टीआड होतात. आईवडिलांनी मुलीला संस्कृत शिकवण्याचे धाडस केले आणि ते कुटुंब शास्त्र्यांचे होते, म्हणून ही विद्या शक्य झाली. हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, कृपादानाची संकल्पना गुणाच्या ऐहिक कारणांचा इन्कार करीत नाही. तो गुण कोणाच्या कामी यावा, एवढेच ती सांगते. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुलींच्या हाती खिळे जुळवण्याचे काम आले, तेव्हा विशेषाधिकाराने मिळालेल्या विद्येची दिशा बदललेली दिसते. अंध स्त्रियांसाठीचे बारतिमी सदन हेही याच दिशेचे निदर्शक आहे.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे आणि त्याचे समाधान तितके सहज होत नाही. हे भाषांतर मंडळ्यांत रूढ झाले नाही. बायबल सोसायटीचे भाषांतरच उपासनेत टिकले. संस्थात्मक पाठबळाचा अभाव हे त्याचे एक कारण असले तरी तेवढे पुरेसे नाही. रमाबाईंनी हे काम प्रस्थापित भाषांतर-समित्यांच्या बाहेर, बहुतांशी एकहाती केले. पौलाच्या निकषांत इतरांनी केलेल्या पारखीला महत्त्वाचे स्थान आहे आणि या कृतीला तिच्या घडणीच्या काळात ती पुरेशी लाभली नाही. श्रद्धेच्या आदरापोटी ही मर्यादा झाकणे म्हणजे रमाबाईंच्याच निकषाचा अव्हेर करणे होय.

समकालीन संदर्भ

कृपादानांच्या आकलनाचा प्रश्न आजही जिवंत आहे. सी. पीटर वॅग्नर यांच्या १९७९ मधील पुस्तकानंतर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कृपादाने ओळखण्याच्या प्रश्नावल्या मोठ्या प्रमाणावर प्रसृत झाल्या. व्यक्तीने उत्तरे भरावीत, गुणांची बेरीज करावी आणि आपले दान कोणते ते जाणून घ्यावे, अशी ही पद्धत आहे. सामान्य सदस्यालाही काही दिलेले आहे याची जाणीव ती करून देते, हे तिचे श्रेय होय. परंतु दान हा व्यक्तीचा स्थिर गुणविशेष मानला की पौलाचा क्रम उलटतो. केडगावात आधी गरज दिसली : वाचता न येणाऱ्या, समजून न घेता ऐकणाऱ्या स्त्रियांची. त्या गरजेने भाषाज्ञानाचे दानात रूपांतर केले. प्रश्नावलीत या गरजेसाठी रकाना नसतो.

निष्कर्ष

कृपादानाच्या निकषावर पाहता केडगावपर्व ही विदुषीची माघार ठरत नाही आणि १९०५ चे संजीवन हे त्या पर्वाचे एकमेव शिखरही ठरत नाही. अन्य भाषांचा अनुभव आणि मराठी भाषांतर यांतून रमाबाईंनी एकाच प्रश्नाचा सामना केला : पवित्र वाणी ऐकणारीला समजणार की नाही? अनुभवाला त्यांनी मोकळीक दिली, त्याला कसोटीचे स्थान दिले नाही. भाषांतरात त्यांना अंशतःच यश आले आणि ते तसेच नोंदवले पाहिजे. समाजसुधारणेच्या इतिहासाने १९२४ च्या या बायबलला आपल्या कक्षेत घ्यावे आणि मराठी गद्याच्या अभ्यासकांनी त्याच्या भाषेची पूर्वीच्या संस्करणांशी ओळीने तुलना करावी, ही या विवेचनातून पुढे येणारी निकड होय. ज्या पारखीपासून ही कृती तिच्या काळात वंचित राहिली, ती निदान अभ्यासाच्या क्षेत्रात तिला मिळावयास हवी.