वारसा राखला, पिण्डपाताचे काय?

दक्षिण-पूर्व आशियातील बौद्ध देशांविषयी जे लेखन होते, त्यात जागतिकीकरण म्हणजे आक्रमण आणि राष्ट्रीय परंपरा म्हणजे तटबंदी, अशी मांडणी वारंवार आढळते. ही मांडणी आम्हांस अपुरी वाटते. लाओसमधील लुआंग प्राबांग या नगराच्या आधारे ती तपासून पाहणे उचित ठरेल.

मेकाँग व नाम खान या नद्यांच्या संगमावरील हे नगर १९९५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. समावेशाचा आधार होता तेथील वास्तू व नगररचना : लाओ पद्धतीची घरे व विहार आणि फ्रेंच वसाहतकालातील इमारती यांचा मिलाफ. म्हणजे ज्याचे जतन करावयाचे, ते मुळातच संमिश्र आहे. ज्या 'फ्रा बांग' बुद्धमूर्तीवरून नगराला नाव मिळाले, ती परंपरेनुसार सिंहलद्वीपात घडली व ख्मेर राज्यातून लाओ भूमीत आली. तेथील थेरवाद व पालि भाषा हीदेखील बाहेरूनच आली. तेव्हा परकीय स्पर्शाने परंपरा नष्ट होते, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

मग धोका कोठे आहे? पहाटे भिक्षू व श्रामणेर अनवाणी, रांगेने भिक्षेस निघतात आणि रस्त्याकडेला बसलेले उपासक-उपासिका त्यांच्या पात्रांत चिकट भाताचे घास वाढतात. या विधीला तेथे 'तक् बात' म्हणतात. त्यातील 'बात' म्हणजे आपले 'पात्र'च होय. उपसंपदेच्या वेळी भिक्षूला जे चार निस्सय सांगितले जातात, त्यांत पहिला पिण्डपाताचा आहे. भिक्षा आदराने व पात्राकडे लक्ष ठेवून स्वीकारावी, वस्तीत नजर खाली ठेवून वावरावे, असे सेखिय नियम सांगतात. या नियमांत दाता आहे आणि ग्रहण करणारा आहे. प्रेक्षकाला स्थान नाही. आज मात्र त्याच रांगेसमोर कॅमेऱ्यांचे झोत पडतात. शांतता पाळा, अंतर ठेवा, अशा सूचना पर्यटकांना द्याव्या लागतात.

तथापि सर्व दोष पर्यटकाच्या माथी मारणे आम्हांस मान्य नाही. वारशाचे नियम नसते, तर जुनी घरे पाडून तेथे सिमेंटच्या इमारती उभ्या राहिल्या असत्या; पर्यटनाने अनेकांना उपजीविकाही दिली. परंतु त्याच पर्यटनामुळे जुन्या वस्तीतील घरांना भाव आला. अनेक कुटुंबांनी ती अतिथिगृहांसाठी भाड्याने दिली वा विकली आणि ती नगराबाहेर राहावयास गेली. घराचे छप्पर व लाकडी सज्जा नियमानुसार शाबूत राहिला. दारात बसून भात वाढणारी आजी तेथे राहिली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाल्यापासून येणाऱ्यांची वाट अधिक सुकर झाली आहे, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

आमच्या मते जतनाच्या प्रचलित कल्पनेतील उणीव ती हीच. ती वस्तूची नोंद ठेवते, संबंधाची नाही. विहार हा शेजारच्या घरांवर अवलंबून असतो आणि घरे विहारावर. गृहस्थ अन्न देतो, भिक्षू धम्म देतो. हे परस्परावलंबन तुटल्यावर उरते ती केवळ शोभायात्रा, मग तिला राष्ट्रीय म्हणा की जागतिक. म्हणून तेथील धोरणाची कसोटी छपरांची संख्या नसावी. विहाराजवळ किती कुटुंबे टिकून आहेत आणि प्रेक्षक निघून गेल्यावरही कोणी भात शिजवतो काय, हे विचारले जावे.

संस्कार अनित्य आहेत, हे आम्हांस धम्मच शिकवतो. परंतु अनित्यतेचे नाव घेऊन शासनाच्या आचरणाविषयी उदासीन राहणे ही पटिपत्ती नव्हे. आमच्या वाचकांपैकी जे या देशांच्या यात्रेस जातात, त्यांनी पहाटेच्या त्या रांगेसमोर उभे राहण्यापूर्वी आपण दाते आहोत की प्रेक्षक, एवढे स्वतःस विचारावे.