फासा पडल्यावर ऐकायचं कोणी?

माझं पहिलं कँपेन अकराव्या सेशनला मेलं. मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर. बाकीचे पाच जण आपापलं पात्र खेळणार आणि उरलेलं अख्खं जग मी चालवणार. त्यासाठी मी चाळीस पानं लिहून ठेवली होती. त्यात एक दगाबाज राजपुत्र होता आणि त्याचं खरं रूप अगदी शेवटी उघड व्हायचं होतं. अकराव्या सेशनला चोराचं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने त्याला सरळ जिन्यावरून ढकललं. फासाही तिच्या बाजूने पडला. मी म्हटलं, तो वाचला. कसा ते विचारू नका, मीही तेव्हा काहीतरी पुटपुटलोच. ती एवढंच म्हणाली, "मग तू कादंबरीच लिही ना, आम्ही वाचू." पुढच्या रविवारी दोघेच आले.

कँपेनची शैली निवडताना लोक 'कथानक हवं की मोकळं रान' असं विचारतात, जसं काही मिसळ तिखट हवी की मध्यम. माझा प्रश्न तेव्हापासून वेगळा आहे. फासा पडल्यावर त्याचं ऐकायचं कोणी?

माझ्या चुकीला तशी थोर परंपरा आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आलं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, 'ड्रॅगनलान्स'ची मॉड्यूल्स यायला लागली आणि त्याच वर्षी मार्गारेट वाईस आणि ट्रेसी हिकमन यांची कादंबरीही आली. म्हणजे तुम्ही जी गोष्ट खेळणार, तीच दुकानात वाचायलाही मिळत होती. पहिल्याच मॉड्यूलमध्ये डीएमला सल्ला आहे की पुढे लागणारं पात्र मेलंच, तर त्याचं प्रेत सापडू देऊ नका, म्हणजे नंतर परत आणता येईल. हे वाचून मला माझा राजपुत्र आठवला. ड्रॅगनलान्सने या खेळाला युद्ध, प्रेम, विरह असा मोठा पट दिला, हे खरंच. पण खेळणाऱ्याला त्यात बऱ्याचदा वाचकाइतकाच हक्क उरतो.

याच्या अगदी उलट टोकाला 'वेस्ट मार्चेस'. बेन रॉबिन्सने आपल्या या कँपेनबद्दल २००७ मध्ये लिहिलं आणि कितीतरी डीएम त्या लेखांवर पोसले गेले. ठरलेला वार नाही, ठरलेली टोळी नाही, ठरलेलं कथानक नाही. कुठे जायचं ते खेळाडूंनी ठरवायचं आणि डीएमला कळवायचं. सगळ्यांचा मिळून एकच नकाशा, तोही चुकांसकट. गाव मात्र सुरक्षित, तिथे काही घडायचं नाही, जे काही घडेल ते रानात. कुणी आलं नाही म्हणून खेळ अडत नाही, आणि नोकरी लागल्यावर याची किंमत कळते. पण त्याला डझनभर माणसं लागतात. शिवाय दर वेळी सोबती बदलत राहिले, तर कुणी कुणाचं देणं लागत नाही. मला राजपुत्र ढकलला जाण्याआधीचे ते दहा रविवार हवे होते. ज्याला आपण पुरतं ओळखतो त्याला ढकलण्यातच मजा आहे.

म्हणून मी पुन्हा हिकमन यांच्याकडेच आलो, पण वेगळ्या दाराने. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं 'रेवनलॉफ्ट' १९८३ चं. त्यावर बेतलेलं 'कर्स ऑफ स्ट्राड' २०१६ मध्ये आलं. बरोव्हियाभोवती धुकं आहे, बाहेर जाता येत नाही. हेही कुंपणच, पण ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसतं. माझं कुंपण चाळीस पानांत लपलेलं होतं. आणि मुख्य गोष्ट म्हणजे भविष्य सांगणारी बाई पत्ते काढते. स्ट्राडशी लढायला लागणाऱ्या वस्तू कुठे आहेत, साथ कोण देणार, तो शेवटी कुठे गाठ पडणार, हे त्या पत्त्यांवर ठरतं. डीएमलाही आधी ठाऊक नसतं. मला यात आपला वग दिसतो. जुन्या तमाशात कथानक ठरलेलं असायचं, संवाद मात्र ऐनवेळचे, आणि सोंगाड्याने फाटा फोडला की राजालाही त्याच्यामागे जावं लागायचं.

पुस्तक निर्दोष नाही. त्यातल्या विस्तानी भटक्यांचं चित्रण रोमा लोकांबद्दलच्या जुन्या पूर्वग्रहांतून आलेलं आहे. प्रकाशकांनी २०२० मध्ये ते सुधारायचं मान्य केलं, पण जुनी प्रत वापरणाऱ्याने ते आपलं आपण बदलून घ्यावं. मी घेतलंय.

गेल्या महिन्यात पाचही जणांना मेसेज केला. चौघे आले, त्यात ती होती. पत्ते तिच्याच हातात दिले. पिसता पिसता तिने विचारलं, "यात जिने आहेत का?"

मी किल्ल्याचा नकाशा पाहिलाय. भरपूर आहेत.