लिनक्सचे धडे एक पायरी उशिरा सुरू होतात

संशोधनाकडे वळायचं ठरवलंत की लिनक्स आज ना उद्या समोर येणारच. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची जी यादी निघते, तीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळी यंत्रं लिनक्सवरची आहेत. पुण्यात आयसरमध्ये बसवलेला ‘परम ब्रह्म’ही त्यावरच चालतो. म्हणून एम.एस्सी. संपायच्या आतच लॅपटॉपवर उबंटू टाकून बघा, असं मी भेटेल त्याला सांगते. पण बारामती-इंदापूरकडच्या बऱ्याच मुलांचं गाडं पहिल्याच संध्याकाळी अडतं. उबंटू बसतं, स्क्रीन झकास दिसते, वायफाय मात्र गायब! लिनक्स शिकताना ज्या धड्यांवर आपण भिस्त ठेवतो, ते इथे किती उपयोगी पडतात, हे आज तपासू.

आधी चांगल्याबद्दल. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे पाठ मराठी आवाजात मिळतात. साधारण दहा मिनिटांचा पाठ, ऐकायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं. आवाज मराठी, पण स्क्रीन इंग्रजीच ठेवली आहे. हा निर्णय मला पटतो, कारण उद्या प्रयोगशाळेत समोर येणारे मेनू इंग्रजीतलेच असणार. फाइल्स, पाइप, प्रोसेस हे शिकायला मी आजही आधी हेच पाठ सुचवेन.

अडचण वेगळीच आहे. सॉफ्टवेअर कसं उतरवायचं हे सांगणारा सिनॅप्टिकचा पाठ घ्या. इंटरनेट चालू आहे, असं धरूनच तो पुढे जातो. कॉलेजच्या लॅबमध्ये कुणीतरी आधीच सगळं जोडून ठेवलेलं असतं, तिथे हे ठीक. घरी स्वतःच्या, बहुतेक वेळा सेकंडहँड लॅपटॉपवर काय? ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेट यायला ड्रायव्हर हवा. आधी कोंबडी की आधी अंडं, तशातली गत. पुण्यात कुणीतरी ओळखीचा जाणकार सापडतो. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब.

मग मुलं वळतात दुसऱ्या प्रकारच्या धड्यांकडे: ‘या पाच ओळी पेस्ट करा, वायफाय चालू.’ माझा खरा आक्षेप यांच्यावर आहे. कार्ड कोणतं, हे ते विचारतच नाहीत. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डं असू शकतात. शिवाय उपाय शिळे होतात. रिअलटेकच्या ८८२१सीई चिपसाठी पूर्वी ड्रायव्हर वेगळा बांधावा लागायचा. पुढे कर्नलमध्येच त्याची सोय झाली, तरी जुने व्हिडिओ अजून बाहेरचाच ड्रायव्हर बांधायला लावतात. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर पाचही ओळी बिनतक्रार चालूनसुद्धा सहीशिवायचा ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. चाललं तर का चाललं आणि नाही चाललं तर का नाही, दोन्ही तुम्हाला कळत नाही. संशोधनात याला कुणी निष्कर्ष म्हणणार नाही.

चांगल्या धड्याने उपायाआधी प्रश्न विचारले असते, तेही क्रमाने.

एक, कार्ड दिसतं का? आतलं कार्ड ‘एलएसपीसीआय’ने बघा, यूएसबीचं ‘एलएसयूएसबी’ने. नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. उदाहरणार्थ, ८०८६ म्हणजे इंटेल. क्रमांकच नसेल तर गडबड बायोसमध्ये किंवा कार्डातच. ड्रायव्हर शोधत बसू नका.

दोन, ड्रायव्हर लागलाय का? ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ हा पर्याय जोडला की कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसतं. ती ओळ नसेल तर बहुधा कर्नल जुनं आहे किंवा ड्रायव्हर नाही.

तीन, फर्मवेअर मिळालं का? फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम. ड्रायव्हर तो कार्डात भरतो. ती फाइल सापडली नाही तर ‘डीमेसेज’मध्ये तसं लिहिलेलं असतं, फाइलच्या नावासकट.

चार, रेडिओ बंद तर नाही? ‘आरएफकिल लिस्ट’ सांगेल.

पाच, वायफाय जोडलं पण पान उघडत नाही? मग हार्डवेअरला सोडा. आधी आकडी पत्त्याला पिंग करा, मग नावाला. आकड्याला उत्तर आलं आणि नावाला नाही, तर दोष डीएनएसचा. हॉस्टेलचं लॉगिन पान किंवा कॉलेजचा प्रॉक्सीही आडवा येऊ शकतो.

आणि कोंबडी-अंड्याचं काय? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. त्यासाठीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो, बहुतेक वेळा लगेच नेट येतं. लिनक्सच्या कुठल्याही नवशिक्या धड्याचं पहिलं वाक्य खरं तर हे असायला हवं.

नवशिक्याची ही अडचण क्षुल्लक नाही, हे डेबियननेही मान्य केलं. मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, हा त्यांचा तत्त्वाचा नियम. २०२२ मध्ये त्यांनी त्यावर मतदान घेतलं आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. तत्त्वाशी ही तडजोड आहे, असं म्हणणाऱ्यांचं मला समजतं. पण नेटच मिळालं नाही, तर ते तत्त्व समजून घ्यायला नवशिका थांबतच नाही.

नुकसान नेमकं इथे होतं. पहिल्या रात्री वायफाय लागलं नाही म्हणून लिनक्स पुसून टाकणारा विद्यार्थी ‘कार्डाचं फर्मवेअर नव्हतं’ असं म्हणत नाही. ‘हे आपल्या बसची गोष्ट नाही’ असं म्हणतो. आणि सिम्युलेशन, जीनोम, हवामानाचा डेटा, जे जे क्लस्टरवर करायचं असतं, त्याच्याकडे पुन्हा फिरकत नाही. दोष धड्याचा, नापास होतो विद्यार्थी.

म्हणून तुमचं वायफाय लागलं की उठून जाऊ नका. लॅपटॉपचं मॉडेल, कार्डाचा क्रमांक, कर्नलची आवृत्ती, आलेला संदेश जसाच्या तसा आणि नेमकं काय केल्यावर चाललं, एवढं एका पानावर मराठीत लिहा आणि विभागातल्या लॅबमध्ये लावून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलून लिहिलेलं ते पान तुमची पहिली लॅब नोटबुक समजा. पुढच्या वर्षी तसलाच लॅपटॉप घेऊन कुणीतरी येणारच आहे.