नियतीची थट्टा नव्हे : कथा-नाटकांतील उपरोधाविषयी

मराठी समीक्षेत एक शब्दप्रयोग फार दिवसांपासून रूढ आहे. कथेत वा नाटकात पात्राच्या अपेक्षेच्या नेमके उलट घडले, की 'ही नियतीची क्रूर थट्टा' असे लिहून समीक्षक मोकळा होतो. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांपासून ग्रंथपरीक्षणांपर्यंत हा प्रयोग आढळतो. दलित साहित्याच्या विवेचनातही तो शिरला आहे, आणि आमचा आक्षेप येथेच आहे. आमच्या लेखकांनी ज्या साधनाने व्यवस्थेवर बोट ठेवले, त्याच साधनाचे श्रेय असे समीक्षक नियतीला देऊन टाकतात.

बौद्ध वाचकाला 'नियती' हा शब्द निरुपद्रवी वाटण्याचे कारण नाही. बुद्धकाळी मक्खलि गोसालाने नियतिवाद मांडला होता. प्राण्यांच्या क्लेशाला हेतू नाही, त्यांच्या शुद्धीलाही हेतू नाही, पुरुषप्रयत्न व्यर्थ आहे, हे त्याचे मत सामञ्ञफलसुत्तात नोंदलेले आहे. अंगुत्तरनिकायात भगवंतांनी या मताला केसांच्या कांबळ्याची उपमा दिली आहे. असे कांबळे थंडीत थंड आणि उन्हाळ्यात गरम. म्हणजे कोणत्याच ऋतूत उपयोगाचे नाही. ज्या धम्माचा पाया प्रतीत्यसमुत्पाद आहे, त्याच्या अनुयायाने साहित्य वाचताना तरी गोसालाचे कांबळे पांघरू नये.

उपरोध म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. बोललेले एक आणि अभिप्रेत दुसरे, हा शब्दगत उपरोध. स्तुतीच्या मिषाने निंदा करणारी व्याजस्तुती आपल्या अलंकारशास्त्राला जुन्या काळापासून परिचित आहे. योजिलेले एक आणि घडलेले त्याच्या विपरीत, हा प्रसंगगत उपरोध. पात्राला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, हा नाट्यगत उपरोध. तिन्ही प्रकारांत दोन गोष्टींमधले अंतर दाखविलेले असते. ते अंतर कोणी निर्माण केले, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला आहे.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्या. खाणीतले काम बंद पडल्यावर भीमा हा धडधाकट मजूर स्मशानाकडे वळतो आणि प्रेतांच्या अंगावरचे सोने काढून कुटुंब जगवितो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. पुढे ती कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता त्याला कळते. दगड फोडणारा हातच निकामी झालेला असतो. प्रसंगगत उपरोधाचे याहून धारदार उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

यात नियती कोठे आहे? खाण बंद करणारे हात माणसाचे आणि ती सुरू करणारेही माणसाचेच. दोन्ही निर्णयांत भीमाला विचारलेले नाही. मेलेल्याच्या अंगावर सोने आहे आणि जिवंताच्या घरी दाणा नाही, ही विषमताही आकाशातून पडलेली नाही. लेखकाने दोन घटना एका दिवशी आणून ठेवल्या, त्या हेतुफलांची साखळी दिसावी म्हणून. येथे 'दैवदुर्विलास' म्हणणारा वाचक भीमासाठी हळहळतो आणि खाणमालकाला विसरतो.

बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या कथेत उपरोध शीर्षकापासूनच सुरू होतो. चोरी परक्याच्या वस्तूची होते. जात तर या माणसावर जन्मतः लादलेली. ती त्याने झाकली तर चोर तोच ठरतो! सुरतेजवळच्या उधना येथे रेल्वेत नोकरीस आलेल्या या तरुणाला त्याच्या कवित्वामुळे मान मिळतो. वाचकाला त्याची जात माहीत आहे, मान देणाऱ्यांना नाही. म्हणून आदराचा प्रत्येक शब्द वाचकाच्या काळजात भीती उत्पन्न करतो. जात उघड होताच तीच माणसे त्याला मारहाण करतात. माणूस तोच, कविताही त्याच. बदलते ती केवळ माहिती. गुणांची पूजा करतो असे म्हणणारा समाज प्रत्यक्षात कशाची पूजा करतो, हे सिद्ध करण्यास बागुलांना व्याख्यान द्यावे लागले नाही. शेवटी नायक मारणाऱ्या व्यक्तींच्या पलीकडे मनूकडे बोट दाखवितो, तेव्हा कारणाचा शोध पूर्ण होतो.

नाटकात या परंपरेचा आरंभ जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' (1855) पासून धरावा लागतो. जोशी भविष्याची भीती घालून अडाणी कुणबी दांपत्याला लुबाडतो. प्रेक्षकाला लबाडी दिसते, दांपत्याला दिसत नाही. पण जोतीरावांची खरी योजना विदूषकाची आहे. संस्कृत नाटकातला विदूषक हा राजाचा खादाड ब्राह्मण मित्र, हशा पिकविण्यापुरता. जोतीरावांनी त्याच्याच मुखी सत्य दिले आणि हशाची दिशा फिरविली. नाटकाच्या अखेरीस दांपत्य शिक्षणाकडे वळते. प्रेक्षकाजवळचे ज्ञान पात्रांपर्यंत पोहोचते. ग्रीक 'ईडिपस'मध्ये सत्य कळताच सर्वनाश होतो. येथे सत्य कळताच सुटका सुरू होते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारले, यात आम्हांस नवल वाटत नाही.

आमच्याच जिल्ह्यातले नाटककार दत्ता भगत यांनी 'वाटा-पळवाटा'मध्ये उपरोधाचे पाते स्वतःच्या चळवळीकडे वळविले. जुन्या पिढीचे काका, प्राध्यापक सतीश आणि आक्रमक तरुण अर्जुन या तिघांचीही निष्ठा बाबासाहेबांवर आहे; तरीही प्रत्येकाला स्वतःची ती वाट आणि दुसऱ्याची ती पळवाट दिसते. प्रेक्षकाला तिन्ही वाटा एकाच वेळी दिसतात. म्हणून तो एकावर हसून सुटू शकत नाही. त्याला स्वतःचीच वाट तपासावी लागते.

मराठवाड्याच्या वाचकाला हे विवेचन पुस्तकी वाटू नये. 27 जुलै 1978 रोजी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. विद्यापीठ औरंगाबादेला, आणि आग लागली ती शेतमजुराच्या झोपडीला! 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार होईपर्यंत सुमारे साडेपंधरा वर्षे उलटली. हिमायतनगर, हदगाव, किनवट या भागातील ज्येष्ठ मंडळींना तो काळ सांगावा लागत नाही. याला कोणी नियतीचा खेळ म्हणेल काय? आग लावणाऱ्यांना हात होते, आणि त्या हातांमागे विचार होता. जीवनात जे आपण मान्य करणार नाही, ते समीक्षेत का मान्य करावे?

एक शंका येथे घेतली पाहिजे. उपरोध ही परुष वाचा नव्हे काय? सम्यक वाचेचे व्रत घेणाऱ्याने तो वापरावा काय? उत्तर थेरीगाथेत आहे. पाणी वाहणारी दासी पुण्णिका कडाक्याच्या थंडीत नदीत बुडी घेणाऱ्या ब्राह्मणाला विचारते, की स्नानाने पाप धुतले जात असेल, तर बेडूक, कासवे आणि सुसरी यांना स्वर्ग मिळायलाच हवा. आणि नदी पाप वाहून नेत असेल, तर पुण्यही वाहून नेईल. तिने त्याला शिवी दिलेली नाही. त्याचाच सिद्धान्त तिने शेवटापर्यंत नेऊन दाखविला. परिणामी तो ब्राह्मण शरण येतो. सत्य, हितकर आणि कालोचित असेल तर ऐकणाऱ्यास अप्रिय वाटणारे वचनही तथागत बोलतात, असे अभयराजकुमारसुत्त सांगते. उपरोधाची कसोटी आम्हांस येथे सापडते : त्याने मत मोडावे, माणूस मोडू नये, आणि हसू दुर्बलाच्या अंगावर पडू नये.

या कसोटीवर आमचे लेखनही तपासले पाहिजे. आमच्या कित्येक एकांकिकांत उपरोध नीट साधतो, पण लेखकाचा प्रेक्षकावर विश्वास नसतो. शेवटी एक पात्र पुढे येऊन सारे समजावून सांगते. उपरोधात न बोललेला भाग वाचकाने भरायचा असतो. तो भाग लेखकानेच भरला, तर वाचकाच्या बुद्धीचा तो अनादर होय. उलट काहींच्या लेखनात उपरोधाचा केवळ तुच्छतावाद होतो : सारेच खोटे, सारेच व्यर्थ. हाही वेष पालटलेला गोसालच आहे.

वर्षावासात गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. त्याच बैठकीत एखाद्या दिवशी साठे-बागुलांची एक कथा वाचावी, एखादा प्रवेश अभिनयासह सादर करावा, असे आम्ही सुचवितो. वाचून झाल्यावर 'काय वाईट झाले' एवढे विचारून थांबू नये. 'हे कशामुळे झाले, आणि ते कारण नाहीसे कसे होईल' हेही विचारावे. चार आर्यसत्यांनी आपल्याला प्रश्न विचारण्याचा हाच क्रम शिकविला आहे.