दोन मिलिमीटरचा बाक

घाटावर काय नि घाटाखाली काय, चिंचेवरून घसरलेले पोर हात टेकूनच खाली येते आणि कोपर ते मनगट या भागातली दोन्ही हाडे, रेडियस आणि अल्ना, एकदमच मोडून बसतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना हा एक्स-रे पाठच असतो. बहुतेकदा हाड बसवून प्लास्टर घातले की भागते. कोवळ्या वयातला थोडासा वाकडेपणा वाढीच्या ओघात आपोआप सरळ होतो. पण हाडे प्लास्टरमध्ये जागेवर राहीनात, किंवा मूल जरा थोराड असले, की शस्त्रक्रियेच्या मेजावर एक बारीकशी वस्तू येते. तिच्यापाशी आपण थोडे रेंगाळू.

ही टायटॅनियमची लवचिक सळई. आपले डॉक्टर तिला ‘टेन्स नेल’ म्हणतात. जाडी साधारण दीड ते अडीच मिलिमीटर, टोक किंचित वळवलेले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या नान्सी शहरात जाँ-पॉल मेतेझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आकाराला आणली. तिचे खरे लावण्य मात्र कारखान्यात घडत नाही. सर्जन ती आत सरकवण्यापूर्वी स्वतः वाकवतो, खामगावच्या चांदीकारागिराने तार वळवावी तशी नजरेच्या अंदाजाने, आणि बाकाचा माथा नेमका मोडलेल्या जागी येईल अशी तजवीज करतो. हाडाच्या अरुंद पोकळीत ती दबते, पुन्हा आपल्या बाकाकडे परतू पाहते, आणि त्या ओढीवरच हाड तोलून धरले जाते. दोन हाडांतल्या दोन सळयांचे बाक एकमेकांपासून दूर राहिले की मधला पडदा ताणला जातो, रेडियसला तिची मूळची कमान परत मिळते. शेगावला प्रसादासाठी आपण तळहात उताणा करतो, तो या कमानीच्या बळावर रेडियस अल्नाभोवती फिरते म्हणूनच.

आणि हे सारे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या छेदातून! रेडियसमध्ये मनगटाच्या वरून, अल्नामध्ये कोपराजवळून, हाड जिथे वाढते त्या कूर्चेला धक्का न लावता. मोडलेली जागा बहुधा उघडावीच लागत नाही. तिथे साकळलेले रक्त, ज्यातून नवे हाड उगवायचे, ते जागच्या जागी राहते.

याआधी, 1960 च्या दशकात, मोठ्या माणसांच्या हातासाठी आपल्याकडे तळवलकरांचा चौकोनी खिळा आला होता. त्याच्या कडा पोकळीच्या भिंतीला धरून हाडाला गरगर फिरू देत नाहीत; साधी, स्वस्त, देशी बुद्धी. प्लेट आणि स्क्रूची पकड अधिक पक्की, पण त्यासाठी छेद लांब, व्रणही लांब. हाडाचे तुकडे झालेले असतील किंवा मुलाची वाढ संपत आली असेल तर तीच उजवी. अलीकडे शरीरात हळूहळू विरघळून जाणाऱ्या सळयाही निघाल्या आहेत. त्या काढाव्या लागत नाहीत. तरी माझे मन त्या वाकलेल्या टायटॅनियमवरच जडलेले.

तेवढे एक मात्र विसरू नका. हात दुखत नाही म्हणून ही सळई तशीच ठेवून देऊ नये. साधारण सहा महिने ते वर्षभरात डॉक्टर हाड पक्के जुळल्याचे एक्स-रेत पाहून ती काढायची तारीख देतात. ती पेरणीच्या किंवा परीक्षेच्या गडबडीत चुकवू नका.