हिमाचा एक दोष

कुमारसंभवाच्या आरंभीं कालिदासानें हिमालयावर जो अभिप्राय दिला आहे, तो संस्कृत शिकलेल्या घरांत बहुधा माहीत असतो. हिमामुळें या पर्वताच्या वैभवास बाध येत नाहीं; चंद्राच्या तेजांत डाग हरपावा तसा तो एक दोष गुणांच्या राशींत हरपतो, असें कवि सांगतो. पुढें एका सुभाषितकारानें या निकालाविरुद्ध तक्रार केली कीं, दारिद्र्य हा एकच दोष सारे गुण नासून टाकतो, हें कवीच्या ध्यानांत आलें नाहीं. परंतु मूळ उदाहरणाकडे, म्हणजे हिमाकडे, फारसें कोणी वळून पाहिलें नाहीं.

वऱ्हाडच्या वाचकाला आज तसें पाहणें भाग आहे. २०१७ च्या जानेवारींत काश्मिरांतील हिमस्खलनांत जे जवान मृत्युमुखीं पडले, त्यांत अकोला जिल्ह्यांतील तरुणही होते. ज्या मुलुखांत उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथील आईबापांना आपला मुलगा कशानें गेला हें समजण्यास आमच्या भाषेनें काय साहाय्य केलें? ‘हिमकडा कोसळला’, एवढेंच. आमची तक्रार या शब्दाविषयीं आहे. कडा म्हटला कीं गाविलगडाचा काळा पाषाण डोळ्यांपुढें येतो. तो अवचित तुटला तर माणूस दैवाला बोल लावून गप्प बसतो. हिमाची रीत निराळी आहे.

हिम थरांनीं सांचतें. निरभ्र, कडक थंडीच्या रात्रींत पातळ हिमाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यांची एकमेकांशीं पकड नसते. त्यांवर नवें हिम पडतें आणि वारा तें दाबून त्याची घट्ट लादी करतो. वर लादी आणि खालीं भुसभुशीत थर अशी स्थिति असली, म्हणजे ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचें वजनही पुरतें. भेग दूरवर धांवते आणि सारा उतार निसटतो. हौसेनें हिंडणाऱ्यांचे जे बळी जातात, त्यांपैकीं बहुतेक वेळां स्खलन त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या पावलानें सुरू झालेलें असतें. गाडलेला मनुष्य दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वांचतो. अर्ध्या तासानंतर आशा थोडी उरते. चौकीवरच्या जवानाला तर जागाही निवडतां येत नाहीं. म्हणून त्याच्या डोक्यावरील उताराची पारख अधिकच महत्त्वाची.

या विषयाच्या अभ्यासाकरितां १९६९ मध्यें मनाली येथें सरकारी संस्था निघाली, आणि धोक्याच्या सूचनाही निघत असतात. तरीही ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं उत्तरकाशी जिल्ह्यांत द्रौपदी का दांडा शिखरावर गिर्यारोहण शिकणारी तुकडी हिमस्खलनांत सांपडली आणि पंचविसांहून अधिक जण गेले. ज्ञानानें धोका नाहींसा होत नाहीं. तो कांहीं अंशीं आधीं ओळखतां येतो.

आमच्या प्रवासवर्णनांत मात्र हिमाचीं बहुधा दोनच रूपें भेटतात: सूर्योदयीं सोन्याचा मुकुट आणि संकटकाळीं देवाचा कोप. दोन्ही ठिकाणीं लेखक दुरून पाहतो. वऱ्हाडचा शेतकरी जमीन अशी पाहत नाहीं. वरच्या काळीवर न भुलतां, खालीं मुरूम किती हातांवर लागतो, पाणी कोठें थांबतें, हें तो खणून पाहतो. हिमाचे जाणकारही उतारावर जाण्यापूर्वीं खड्डा खणून थर तपासतात. ज्या वाचकाला हा व्यवहार घरचा आहे, त्याला हिमाची गोष्ट कळणें कठीण नाहीं. सांगणारा मात्र हवा.

कालिदासाचा श्लोक काव्य म्हणून अबाधितच आहे, आणि दुरून पाहणाऱ्यापुरता तो खराही आहे. परंतु अमरावती-अकोल्याचीं मुलें आज सैन्यांतून आणि गिरिभ्रमणाच्या हौसेनें त्या उतारांवर प्रत्यक्ष पाय ठेवीत आहेत. त्यांच्याविषयीं लिहिणाऱ्यानें ‘हिमकडा कोसळला’ असें लिहिण्यापूर्वीं, कोणत्या थरावर किती हिम पडलें होतें, वारा कोणत्या दिशेचा होता, सूचना आली होती कीं नाहीं, एवढें विचारावें. त्या चार ओळींनीं वर्णनाची शोभा उणावणार नाहीं, आणि घरीं वाट पाहणाऱ्यांना दैवापलीकडचें कांहीं उत्तर मिळेल.