मराठीतील ख्रिस्तरूप : चित्र आणि सर्वनाम

येशू ख्रिस्ताच्या देहाचे वर्णन चारही शुभवर्तमानांत आढळत नाही. तो थकतो, भुकेला होतो, रडतो. परंतु दिसतो कसा, याविषयी तेथे अवाक्षर नाही. ही रिकामी जागा पुढील शतकांनी आपापल्या गरजेप्रमाणे भरून काढली. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील रूपहीन सेवकाच्या आधारे आरंभीच्या काही धर्मपंडितांनी त्याला सामान्य रूपाचा मानले. पंचेचाळिसाव्या स्तोत्रातील सुंदर राजाच्या आधारे नंतरच्यांनी त्यास परमसुंदर ठरविले. सीरियातील ड्युरा-युरोपस येथील तिसऱ्या शतकातील भित्तिचित्रात तो बिनदाढीचा तरुण आहे. मधोमध भांग, खांद्यांवर रुळणारे पिंगट केस, शांत डोळे या रूढ चेहऱ्याला ‘साक्षीदार’ मिळाला तो लेंटुलस या कल्पित रोमन अधिकाऱ्याच्या नावावर खपविलेल्या पत्रातून. ते पत्र बनावट असल्याचे लोरेंझो व्हाल्ला याने पंधराव्या शतकातच सांगितले होते. पत्र खोटे ठरले, चेहरा मात्र टिकला. वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० मध्ये रंगविलेले आणि प्रतिरूपांतून जगभर पोचलेले ख्रिस्तमुख त्याच वंशातील होय.

हा चेहरा मराठी मुलखात आला तेव्हा येथील भक्तिपरंपरेस त्याची फारशी गरज नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. विठ्ठल ओळखू येतो तो विटेवरून, जुळलेल्या पावलांवरून, कटीवर ठेवलेल्या हातांवरून. नाकडोळ्यांच्या वैशिष्ट्यांवरून नव्हे. आखाडा बाळापूर ज्या हिंगोली जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यातील नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांचेही समकालीन चित्र उपलब्ध नाही; तरी महाराष्ट्रात आणि पंजाबातील घुमान येथे त्यांच्या खऱ्या चेहऱ्यावाचून कोणाचे अडलेले नाही. मराठीतील ‘ध्यान’ हा शब्दच मुद्रेपेक्षा स्थितीचा वाचक आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही गोष्ट कानाने जाणली असावी. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले. नवख्रिस्ती श्रोत्याची अवस्था मोठी चमत्कारिक झाली असली पाहिजे : वेदीवर युरोपीय मूर्ती, कानावर पुराणाची ओवी. डोळ्यांचा ख्रिस्त एक आणि कानाचा दुसरा, ही मराठी ख्रिस्ती जीवनातील फारकत येथपासूनची आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगांतून ख्रिस्ताला ‘माउली’ केले. माउलीच्या केसांचा रंग कोण विचारतो? नात्याचा शब्द उच्चारताच रूपाचा प्रश्न मावळतो.

चित्रकलेला अशी सवलत नसते. तिला चेहरा काढावाच लागतो. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे धाडस या दृष्टीने पाहिले पाहिजे. सांतु इस्तेव्ह येथे जन्मलेला हा गोमंतकीय चित्रकार शांतिनिकेतनात शिकला. साडीतील मरियम आणि भारतीय वेषातील येशू पाहून गोव्यात त्यांच्यावर टीका झाली आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांनी आपली साधना चालविली. टीकाकारांचा आक्षेप ‘अस्सलपणा’चा होता, परंतु ज्या चेहऱ्याच्या नावाने ते बोलत होते, तोही कोणा चित्रकाराच्याच हातचा होता. या बाबतीत फोन्सेकांची बाजू निर्विवाद आहे.

तथापि त्या काळच्या भारतीयीकरणावर एक आक्षेप घेतलाच पाहिजे. युरोपीय राजपुत्राच्या जागी त्याने बहुधा संन्याशाची स्थापना केली. मराठी ख्रिस्ती समाज तर मोठ्या प्रमाणावर गावकुसाबाहेरून आलेला. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसविलेल्या बेथेल येथील कुटुंबे मुख्यतः मातंगादी जातींतील होती. मठातला विरक्त हा त्यांच्या रोजच्या ओळखीचा देह नव्हे. ओळखीचा होता तो बलुतेदार. शुभवर्तमानात येशूला लाविलेला ग्रीक शब्द ‘तेक्तोन’ हा संस्कृत ‘तक्षन्’चा सगोत्र, मराठी भाषांतरकारांनी ‘सुतार’ हा त्याचा प्रतिशब्द योजला, आणि मराठी खेड्यात सुतार म्हटले की वाकस, किंकरे, घट्टे पडलेले तळवे आणि सुगीला खळ्यावरचे धान्याचे माप हे सारे आपोआप येते. कुंभार, शिंपी, माळी यांना संतपदी पाहिलेल्या भाषेला हा देह रेखाटणे कठीण नव्हते. तरीही संन्याशाच्या वस्त्राखाली तो झाकला गेला.

व्याकरणाने मात्र तो झाकला नाही. प्रचलित मराठी बायबलात शिष्य येशूशी बोलताना ‘आपण’ म्हणतात. निवेदन मात्र त्याचा उल्लेख ‘तो’ असाच करते. मराठीत साधू, आचार्य, अंमलदार यांना ‘ते’ लागते. एकेरी ‘तो’ दोघांच्या वाट्याला येतो : देवाच्या, आणि ज्याला मान देण्याची कोणास गरज वाटत नाही अशा कष्टकऱ्याच्या. मार्काच्या सहाव्या अध्यायात नासरेथचे लोक या सुताराविषयी तुच्छतेने एकेरीतच बोलतात, आणि त्याच प्रकरणात निवेदकही त्याला एकेरीतच संबोधतो. एकाच सर्वनामात गावाची अवहेलना आणि भक्ताची जवळीक अशी शेजारी उभी राहते. ग्रीक मुळात आदरार्थी बहुवचनाचा हा भेद नाही. तो मराठीने आणला.